आत्मसन्मानाची मोजणी

(उमरखेड येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पैनगंगेच्या उत्तरेकडील या गावी बोलण्यासाठी मी निवडलेला विषय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शोभणारा आणि येथील कापूस, हळद व ऊस यांच्या व्यवहारात काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या तालुक्यातील मुले दहावी-बारावी होते न होते तोच घर सोडून कोणी नांदेडला, कोणी यवतमाळला, कोणी अमरावतीला वा पुण्याला शिकावयास जातात, आणि जेथे त्या मुलांच्या मनाविषयीची काळजी घरात, शाळेत व सरकारदरबारी वारंवार बोलून दाखवली जाते, तेथे ते मन मोजण्याची म्हणून जी साधने शाळांच्या दाराशी येऊन पोहोचली आहेत त्यांची खातरजमा करणे हे केवळ विद्वानांचे काम नव्हे, पालकांचे व शिक्षकांचेही आहे. आपण माणूस म्हणून काही योग्यतेचे आहोत अशी जी आतली धारणा असते तिला मी येथे आत्मसन्मान म्हणतो. कुमारवयीन आणि तरुण मुलामुलींची ही धारणा परभाषेतून आणलेल्या प्रश्नावलीने मोजता येते काय, येत असल्यास कोणत्या शर्तींवर, हा आजचा प्रश्न आहे. माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. अशी प्रश्नावली येथील मुलांच्या बोलीत आणि येथील मुलांच्या साक्षीने नव्याने घडवल्यावाचून तिच्या आकड्याला किंमत नाही. आणि तशी घडवल्यावरही तो आकडा एखाद्या समूहाविषयी काही सांगू शकेल, एकट्या मुलाच्या नावापुढे लिहून ठेवण्याच्या लायकीचा तो होत नाही.

या विषयात सर्वत्र जिचे नाव घेतले जाते ती प्रश्नावली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सोसायटी अँड द ॲडोलेसंट सेल्फ-इमेज’ या ग्रंथात त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील १० शाळांमधील ५,०२४ विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला, आणि त्या अभ्यासासाठी तयार केलेली १० विधानांची ही लहानशी मापिका पुढे मूळ ग्रंथापेक्षाही दूरवर गेली. पाच विधाने स्वतःविषयी अनुकूल, पाच प्रतिकूल, प्रत्येकापुढे संमती-असंमतीच्या चार पायऱ्या, आणि सगळे मिळून एक पान. कोणत्याही वर्गात तासाच्या अखेरीस भरून घेता यावी इतकी ती सुटसुटीत आहे, आणि तिच्या प्रसाराचे एक कारण हा सुटसुटीतपणाच होय. रोझेनबर्ग यांनी मात्र एक गोष्ट स्पष्टपणे बजावून ठेवली होती. त्यांना अभिप्रेत असलेला उच्च आत्मसन्मान म्हणजे ‘मी इतरांहून थोर आहे’ ही भावना नव्हे. ‘मी आहे तसा पुरेसा आहे, माझ्या उणिवा मला ठाऊक आहेत आणि तरीही मला माझा आदर वाटतो’ एवढाच त्याचा आशय. प्रश्नावली हाती धरणाऱ्या पुष्कळांनी हा भेद पाहिलेला नसतो.

त्या ग्रंथातील दोन निष्कर्ष आपल्या भागातील पालकांनी आणि वसतिगृहांच्या चालकांनी अवश्य जाणून घ्यावेत असे आहेत. पहिला असा, की मुलाच्या गुणपत्रकावरून रागावणाऱ्या आईबापांपेक्षा त्या गुणपत्रकाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या आईबापांच्या मुलांचा आत्मसन्मान अधिक खालावलेला आढळला. कठोरपणापेक्षा बेफिकिरी अधिक घातक ठरली. दुसरा असा, की ज्या मुलांचे लहानपण परधर्मीयांच्या वस्तीत, आपल्यासारखे कोणी नसलेल्या शेजारात गेले त्यांचा आत्मसन्मान आपल्याच लोकांत वाढलेल्या मुलांपेक्षा कमी आढळला. तांड्यावरून किंवा पोडावरून उठून एकदम शहरातील वसतिगृहात जाऊन पडलेल्या आपल्या मुलाचा विचार करताना हा दुसरा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या मुलाच्या मनात जो बदल होतो त्याचे कारण त्याच्या अंतःकरणात शोधण्यापूर्वी त्याच्या खोलीत, पंगतीत आणि वर्गात शोधावे लागेल असे तो सुचवतो.

पुढे ही मापिका जगभर गेली. २००५ साली डेव्हिड श्मिट आणि यूरी आल्लिक यांनी ५३ राष्ट्रांतील १६,९९८ व्यक्तींनी दिलेली उत्तरे एकत्र करून प्रसिद्ध केली. ती २८ भाषांतील तर्जुम्यांवरून घेतलेली होती आणि उत्तरे देणाऱ्यांत महाविद्यालयीन तरुणांचा भरणा मोठा होता. १० ते ४० या गुणांच्या पट्टीवर २५ हा मध्य धरला, तर प्रत्येक राष्ट्राची सरासरी मध्याच्या वर भरली. सर्वांत खाली असलेल्या जपानचीही २५.५० होती. म्हणजे स्वतःविषयी बरे मत असणे ही माणसाची सर्वसाधारण स्थिती दिसते. पण त्याच अभ्यासात हेही दिसून आले, की प्रतिकूल विधानांचा अर्थ राष्ट्राराष्ट्रांत सारखा लावला जात नाही: अनुकूल विधानांना एक प्रकारे उत्तर देणारे लोक प्रतिकूल विधानांपाशी आले की त्यांचा मार्ग बदलतो, आणि ज्या राष्ट्रांत हे अधिक घडते त्यांचे एकूण गुण दुसऱ्या राष्ट्रांशी ताडून पाहणे धोक्याचे होते. जपानी तरुण खरोखरीच स्वतःला कमी लेखतो, की स्वतःच्या उणिवा मोजत राहणे हे त्याच्या समाजात सुधारणेचे व सभ्यतेचे लक्षण मानले जाते म्हणून तो तसे लिहितो, हा वाद स्टीव्हन हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली उभा केला. या वादाकडे दुर्लक्ष करून भारतीय मुलांचा आकडा अमेरिकन मुलांच्या आकड्याशेजारी मांडणे मला मुळीच ग्राह्य वाटत नाही.

आता प्रत्यक्ष तर्जुम्याकडे वळू. या कामाचा जो शिरस्ता आहे तो १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांनी पद्धतशीर मांडला: एकाने इंग्रजीतून मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ जुळवून पाहावेत. पद्धत चांगली आहे, आणि ती वगळून केलेल्या कामापेक्षा ती पाळून केलेले काम केव्हाही बरे. तथापि तिच्यात एक दोष असा आहे की तो शिरस्ता पाळणाऱ्यालाच दिसत नाही. मराठी वाक्य जितके इंग्रजीच्या सांगाड्यावर उभे असेल तितके ते परत जाताना मुळाशी अधिक तंतोतंत जुळते. आणि एखाद्या शिक्षिकेने मुलांच्या तोंडचे, सरळ, अर्थवाही वाक्य योजले तर ते परत जाताना वेगळे रूप घेते व परीक्षक त्याच्यावर तांबडी रेघ ओढतो. अशा रीतीने दोन इंग्रजी जाणणाऱ्या प्रौढांची एकवाक्यता सिद्ध होते, परंतु ज्याने ते वाचावयाचे त्या चौदा वर्षांच्या मुलाची साक्ष काढलीच जात नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्या भाषेत ‘मी करू शकतो’ आणि ‘मी करू शकते’ ही दोन वाक्ये आहेत, इंग्रजीत एकच. परिणामी छापील प्रश्नावलीत एकतर सगळी वाक्ये पुरुषी रूपात असतात, आणि मुलीला स्वतःविषयीची दहाही विधाने मुलाच्या तोंडून वाचून त्यावर मत द्यावे लागते. नाहीतर प्रत्येक क्रियापदाच्या मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही रूपे कोंबलेली असतात, आणि ते वाक्य माणसाचे न राहता नमुन्याच्या अर्जातील रकान्यासारखे होते. वास्तविक यावर उपाय भाषेतच आहे. ‘मला जमते’, ‘मला वाटते’, ‘माझ्याकडून होते’ अशा रचना मराठीत अत्यंत स्वाभाविक आहेत, त्यांत स्त्रीपुरुषभेद येत नाही, आणि मनातील गोष्ट सांगताना आपली मुले बोलतातही तशाच. तर्जुमा करणाऱ्याने मूळ वाक्याचा कर्ता हट्टाने कर्ता ठेवला नाही, तर मुलगा व मुलगी दोघांनाही एकच वाक्य आपले म्हणून वाचता येईल.

त्याहून बिकट प्रश्न नकाराचा आहे. ‘माझ्यात चांगले असे काही नाही’ या अर्थाच्या विधानापुढे ‘असहमत’ हा रकाना आला, की उत्तर देणाऱ्याला नकाराचा नकार करून होकार काढावा लागतो. आणि ज्या मुलाला लहानपणापासून विधान वाचून चूक की बरोबर लिहिण्याची सवय लावलेली आहे तो, ‘हे वाक्य बरोबर आहे का’ असा प्रश्न मनाशी धरून, शाळेत शोभेल असे उत्तर देऊन मोकळा होतो. ‘सहमत’ हा शब्द तर मुलांच्या बोलण्यातला नव्हेच. ‘पटते’, ‘थोडे पटते’, ‘पटत नाही’, ‘मुळीच पटत नाही’ असे लिहिले तर उमरखेडच्या मुलाला ते ‘मले पटते’ या आपल्या घरच्या बोलण्याशी लगेच जोडता येईल. आणि ज्या मुलाची घरची बोली गोरमाटी आहे, किंवा जिल्ह्याच्या पूर्व भागातील ज्या मुलाची भाषा कोलामी वा गोंडी, म्हणजे मराठीहून सर्वस्वी निराळ्या द्राविडी कुळातली आहे, त्याच्यापुढे पुस्तकी मराठीतील दुहेरी नकार ठेवला तर आपण त्याचा आत्मसन्मान मोजत नसून त्याचे वाचन मोजत आहोत, आणि वाचनात मागे असल्याची शिक्षा त्याच्या मनाच्या खात्यावर लिहीत आहोत. हा मला केवळ शास्त्रीय दोष वाटत नाही. तो अन्याय आहे.

भाषेची पायरी ओलांडल्यावर संस्काराची येते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगताना समर्थांनी स्वतःची स्तुती स्वतः करणे हेही त्यांत गणले आहे, आणि ज्यांनी दासबोध उघडूनही पाहिला नाही अशा घरांतही मुलांना हा धडा मिळतोच. अशा मुलाला छापील कागद विचारतो, की तुझ्यात कितीसे चांगले गुण आहेत. आणि तो कागद शिक्षकाने दिलेला असतो, शिक्षक बाकांच्या रांगांतून फिरत असतो, शेजारचा मुलगा डोकावत असतो. तो नम्रपणे दुसरी पायरी निवडतो. त्याने खोटे लिहिले असे नाही, त्याने सभ्यपणे लिहिले. रोझेनबर्ग यांना अपेक्षित असलेली ‘पुरेसेपणाची’ भावना आणि समर्थांनी निषिद्ध ठरवलेली आत्मस्तुती यांत वास्तविक विरोध नाही. पण हा भेद त्या कागदावर कोठेच लिहिलेला नसतो. मुलींच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. आपण इतरांइतके समर्थ आहोत काय, असे विचारल्यावर हे ‘इतर’ कोण? वर्गातल्या मैत्रिणी, की ज्याच्या शिक्षणासाठी शेत गहाण पडले तो भाऊ? प्रश्न एकच, पण मनात कोणाला शेजारी उभे केले यावर उत्तर पालटते.

येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण महाराष्ट्रात आत्मसन्मानाची गोष्ट कधीच एकट्यादुकट्याच्या मनापुरती राहिलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि १९५६ साली नागपूरला लक्षावधी लोकांसह धर्मांतर केले, या सर्व घटनांत स्वतःची योग्यता ओळखणे ही क्रिया समूहाने, उघड्यावर, सर्वांच्या देखत केलेली आहे. त्यामुळे जातीने हीन लेखलेल्या मुलाचा आत्मसन्मान हीनच असणार, असे गृहीत धरणाऱ्या संशोधकाची फसगत होण्याचा संभव मोठा आहे. अमेरिकेत नेमके हेच घडले. केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांवरून काळ्या मुलांच्या मनात स्वतःविषयी हीनभाव रुजतो असे मानले गेले, आणि शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संशोधनाचा आधार घेतला. निकाल न्याय्यच होता. परंतु रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांतील मुलांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला तेव्हा काळ्या मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नाही असे दिसून आले. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८९ मध्ये याची जी कारणमीमांसा केली ती आपल्याला चटकन उमगेल अशी आहे: तुच्छ लेखला जाणारा माणूस अपमानाचे कारण स्वतःच्या उणिवेत न शोधता अपमान करणाऱ्याच्या दुष्टतेत शोधू शकतो, आणि स्वतःची तुलना तो आपल्याच लोकांशी करतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आत्मसन्मानाचे गुण भरपूर आले म्हणून अन्याय नाही असा दाखला कोणी काढू नये. आणि अन्याय आहे म्हणून त्या मुलांना मनाने दुबळे ठरवू नये. मागास वस्तीतील मुलांचा आत्मसन्मान ‘वाढवण्याच्या’ योजना मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या मुलांच्या घरात तो किती जपलेला आहे याची चौकशी योजना करणाऱ्याने आधी केली काय, असे विचारावेसे वाटते.

तरुणांचा, म्हणजे अठरा-वीस वर्षांपुढील मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचा एक अपूर्णांक मांडला होता: वर यश, खाली अपेक्षा. अपेक्षा वाढली आणि यश तेवढेच राहिले तर अपूर्णांक घटतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसणाऱ्या किंवा वैद्यकीय प्रवेशासाठी नांदेडला शिकवणी लावलेल्या आपल्या मुलाचा छेद त्याने स्वतः ठरवलेला नसतो. तो गावाने, नातेवाइकांनी आणि चौकाचौकांत झळकणाऱ्या यशवंतांच्या फलकांनी ठरवलेला असतो. त्याला निकालाच्या आधी विचारले तर एक उत्तर येईल, निकालानंतरच्या आठवड्यात वेगळे. म्हणूनच टॉड हेदरटन आणि जेनेट पोलिव्ही यांनी १९९१ साली क्षणोक्षणी बदलणाऱ्या आत्मसन्मानासाठी निराळी मापिका तयार केली. कोणती तारीख, परीक्षेपासून किती दिवस, सुटीतून मूल परत आल्यावर की जाण्यापूर्वी, ही माहिती ज्या अहवालात नाही त्या अहवालातील सरासरी मी तरी जमेस धरीत नाही.

आपल्याकडे परभाषेतील मापनसाधन येथील मुलांवर पारखून घेण्याची चांगली परंपरा नाही असे मात्र नव्हे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. १९४० साली त्यांचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बिने-कामत चाचणी हे नाव पुढे भारतभर रूढ झाले. त्यांनी केवळ शब्द बदलले नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य, हे इथल्या मुलांच्या उत्तरांवरून ठरवून त्यांनी प्रश्नांच्या जागा हलवल्या. बुद्धिमापनाविषयी कोणाचे काही मत असो, ही चिकाटी वंदनीय आहे. दुसरे उदाहरण आनंद परांजपे यांचे. एरिक एरिक्सन यांच्या विचाराचा आधार घेऊन त्यांनी मराठी तरुणांच्या जीवनकथा सविस्तर ऐकल्या आणि ‘इन सर्च ऑफ आयडेंटिटी’ या १९७५ च्या ग्रंथात मांडल्या. रकान्यांत न मावणारे जे असते ते अशा कथांत सापडते, आणि प्रश्नावलीत काय विचारावे हेही तेथूनच कळते.

गोव्यातील एक काम मला या दोहोंचा मेळ घालणारे वाटते. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलांची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानसिक विकारांचे प्रमाण १.८१ टक्के, म्हणजे अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाले, आणि घरच्यांचा आधार हे संरक्षक कारण म्हणून पुढे आले. त्यांनी वापरलेल्या साधनाचा विशेष असा, की ठरावीक प्रश्नांबरोबर मुलाने व पालकाने स्वतःच्या शब्दांत केलेले वर्णनही लिहून घेतले जाते आणि जाणता चिकित्सक ते वाचून मत बनवतो. आकड्यामागे माणसाची जबानी असते. आत्मसन्मानाच्या दहा विधानांमागेही अशी जबानी घ्यावयास काही हरकत नसावी.

आता आकड्याविषयी. गावाची पैसेवारी कशी निघते हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे: निवडक शेतांत ठरावीक मापाचा चौकोन आखून तेथील पीक कापतात, तोलतात, त्यावरून सबंध गावाचा अंदाज बांधतात, आणि तो ५० पैशांच्या आत आला तर टंचाईच्या सवलती लागू होतात. या आकड्याचा उपयोग आहे. पण गावाची पैसेवारी ४५ आली म्हणून नाल्याकाठच्या अमुक शेतकऱ्याच्या घरात किती क्विंटल कापूस आला हे कोणी त्यावरून सांगत नाही, आणि सांगू लागला तर त्याला कोणी गावात बोलू देणार नाही. आत्मसन्मानाच्या गुणांचे तसेच आहे, आणि ते गणितानेही दाखवता येते. समजा, एखाद्या वर्गाच्या गुणांचे प्रमाण-विचलन ५ आहे आणि मापिकेच्या विश्वासार्हतेचा गुणांक ०.८० आहे, जो संशोधनात समाधानकारक समजला जातो. तर एका मुलाच्या गुणातील प्रमाण त्रुटी सुमारे २.२ येते, म्हणजे ज्याला २४ गुण पडले त्याचा खरा गुण २० पासून २८ पर्यंत कोठेही असू शकतो. एका टोकाला तो मुलगा चिंताजनक ठरेल आणि दुसऱ्या टोकाला अगदी सुखरूप. शंभर मुलांच्या सरासरीत हा हेलकावा बराचसा निमतो, एका मुलाच्या बाबतीत निमत नाही. शिवाय हा गुणांक दहा विधाने आपापसांत किती जुळतात एवढेच सांगतो; ती सगळी मिळून आत्मसन्मानाऐवजी नम्रता किंवा वाचनाची तयारी मोजत असतील, तरी तो उत्तमच येऊ शकतो. आणि रोझेनबर्ग यांच्या मापिकेला रोगनिदानासारखी सर्वमान्य सीमारेषाही नाही.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो याला कारण आहे. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर कलचाचणी घेण्यात आली, आणि एका प्रश्नावलीचा अहवाल एका वर्षात लाखो घरांत पोहोचू शकतो हे आपण पाहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून त्यात मुलाने स्वतःचे आणि सहाध्याय्यांनी त्याचे मूल्यांकन करण्याची तरतूद सांगितली आहे. या कल्पनांमागील हेतू चांगले आहेत. पण स्वतःच्या अभ्यासाचे मूल्यांकन आणि स्वतःच्या योग्यतेचे मूल्यांकन यांतील अंतर फार थोडे आहे, आणि आपल्या दफ्तरांचा स्वभाव असा की एकदा रकाना आखला म्हणजे तो भरावाच लागतो, आणि भरला म्हणजे तो मुलाच्या मागे शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत जातो. ‘आत्मसन्मान : कमी’ अशी नोंद ज्या मुलाच्या नावापुढे झाली त्याच्याकडे पुढचा शिक्षक कोणत्या नजरेने पाहील?

मग मोजूच नये काय? असे मी म्हणत नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा जो मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला, त्यात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि हे आपल्याला कळले ते आधी व नंतर मोजणी केली म्हणूनच. तेथे मोजणीच्या मागे गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी उभी होती. ती नसताना केलेली मोजणी मुलाकडून घेते, त्याला काही देत नाही.

म्हणून या तालुक्यासाठी माझी सूचना अशी आहे. येथील महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या व अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली वाटण्यापूर्वी एक वर्ष केवळ ऐकण्यात घालवावे: ढाणकी, बिटरगाव, मुळावा, विडूळ या गावांतील आणि तांड्यांवरील मुलांना एकेक वाक्य वाचून दाखवावे, ‘तुला यातून काय कळले ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावे, आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे, बोलीत, लिहून घ्यावे. पैनगंगेपलीकडच्या हदगावच्या मुलांनाही विचारावे. १८५३ पासून १९४८ पर्यंत ही नदी दोन अंमलांची हद्द होती, तरी सोयरीक आणि बोली नदी ओलांडत राहिल्या आहेत. जे वाक्य निम्म्या मुलांना वेगळे कळले ते टाकून द्यावे, मग ते मूळ मापिकेत कितीही मानाचे असो. गोरमाटीत तोंडी विचारण्याची सोय असावी. पाठ सिद्ध झाल्यावर कागद वर्गशिक्षकाने गोळा करू नयेत, त्यांवर नाव नसावे, आणि निष्कर्ष शाळानिहाय सुद्धा नव्हे, तर तालुक्यापुरते सांगावेत. पालकांची आणि मुलाची स्वतःची संमती अगोदर घ्यावी, आणि ‘मला भरायचे नाही’ म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारू नये.

एका गोष्टीला मात्र हा निनावीपणाचा नियम आड येऊ देऊ नये. मोजणीच्या दिवशी किंवा नंतर एखादे मूल आपण होऊन शिक्षकाजवळ आले आणि जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, तर तेथे संशोधन थांबते. त्या शिक्षकाला कोणाकडे जावयाचे ते आधीच ठाऊक असले पाहिजे: घरातील कोणा विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी बोलवावे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागाशी किंवा अंतराने जवळ असलेल्या नांदेडच्या रुग्णालयाशी संबंध जोडावा, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जेथे मराठीतही बोलता येते, प्रत्येक मुलाच्या हाती प्रश्नावली पडण्यापूर्वीच दिलेला असावा. ही तजवीज लेखी झाल्याशिवाय मुख्याध्यापकांनी कोणत्याही संशोधकाला, मग तो कितीही मोठ्या विद्यापीठाचा असो, वर्गात प्रवेश देऊ नये.